तेराव्या वर्षी चॅम्पियन, सोळाव्या वर्षी टायमिंग अडकलं

पत्राचा गोषवारा: लिहिणारी १६ वर्षांची आहे, ब्रेस्टस्ट्रोक (छातीवर, बेडकासारखे पाय मारत पोहण्याचा प्रकार) पोहते. तेराव्या वर्षी आपल्या वयोगटात १०० मीटरमध्ये पहिली आली, तेव्हा ५० मीटरच्या पूलमध्ये तिचं टायमिंग १ मिनिट १२.४ सेकंद होतं. तीन वर्षांत ते फक्त १:१२.१ पर्यंत आलं आणि गेल्या स्पर्धेत १:१२.९ लागलं (पहिले ५० मीटर ३३.६, दुसरे ३९.३). पूर्वी सहा सेकंद मागे असणारी मैत्रीण आता तिच्या पुढे आहे. या काळात उंची ५ सेंटीमीटरनं आणि वजन ७ किलोनं वाढलं. किकचे (पाय मारण्याच्या सरावाचे) सेट झाले की गुडघा आतल्या बाजूनं दुखतो. कोच म्हणतात, आठवड्याला सातऐवजी नऊ सेशन कर आणि चार किलो कमी कर. घरच्यांनी तिच्या पोहण्यासाठी बरंच सोसलं आहे, त्यामुळे सोडायचं म्हटलं तरी अपराधी वाटतं. ती विचारते: आत्ताच थांबू, की शेवटचा एक सीझन जीव तोडून करू? आणि शेवटी लिहिते, ‘मी चॅम्पियन होते ते खरं होतं, की चुकून झालं होतं?’

उत्तर:

तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. ते खरं होतं. १:१२.४ हे घड्याळावर लागलेलं टायमिंग आहे आणि ते तू पोहून मिळवलंस. पण त्या पदकावरून तू पुढे कुठवर जाशील हे कळत नव्हतं, आणि आज टायमिंग अडकलंय म्हणून तू संपलीस असंही कळत नाही. मुलींची उंची सर्वांत झपाट्यानं वाढते ती साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास, कुणाची दोन वर्षं आधी, कुणाची दोन वर्षं नंतर. जिची लवकर वाढते ती तेराव्या वर्षी जवळजवळ मोठ्या मुलीच्या शरीरानं पोहते आणि तिच्या शेजारच्या लेनमध्ये अजून लहान असलेली मुलगी असते. तुझ्या मैत्रिणीचे सहा सेकंद बहुधा असेच भरून निघाले असावेत. तिनं तुझं काही हिसकावलेलं नाही आणि तूही काही हरवलेलं नाहीस. तुम्ही दोघी आता पहिल्यांदा बरोबरीच्या शरीरानं पोहताय.

‘टायमिंग दरवर्षी कमी व्हायलाच हवं’ हे तू गृहीत धरलं आहेस. या स्ट्रोकमधल्या सर्वांत मोठ्या चॅम्पियनच्या बाबतीतही ते खरं ठरलेलं नाही. लिथुआनियाच्या रुता मेइलुटिटेनं २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पंधराव्या वर्षी १०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. पुढच्या वर्षी, म्हणजे आज तू आहेस त्या वयात, तिनं १:०४.३५ असा जागतिक विक्रम केला. त्यानंतर उतार लागला. २०१९ मध्ये तिनं निवृत्ती जाहीर केली, आणि उत्तेजक चाचणीसाठी ठावठिकाणा कळवण्याच्या नियमात चुका झाल्यामुळे दोन वर्षांची बंदीही आली. २०२१ मध्ये ती परत आली आणि २०२३ च्या फुकुओका जागतिक स्पर्धेत १०० मीटरची विजेती झाली. ५० मीटरमध्ये तर २९.१६ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. तेव्हा ती २६ वर्षांची होती. १०० मीटरचं ते सुवर्ण तिला सोळाव्या वर्षीच्या टायमिंगपेक्षा कमी वेगात पोहून मिळालं, हे विसरू नकोस. ब्रिटनच्या ॲडम पीटीचंही तसंच. २०१९ मध्ये त्यानं १०० मीटर ५६.८८ सेकंदांत पोहून विक्रम केला. २०२३ मध्ये मानसिक स्वास्थ्यासाठी तो काही काळ स्पर्धांपासून दूर राहिला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याला ५९.०५ लागले, तरी रौप्य मिळालं आणि सुवर्ण फक्त दोन शतांश सेकंदांनी हुकलं. करिअर असंच वरखाली होत पुढे जातं.

आता ब्रेस्टस्ट्रोकच नेमका का अडकतो ते बघू. बाकीच्या तिन्ही स्ट्रोकमध्ये हात पुढे आणताना ते पाण्याच्या वर असतात. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये हात पाण्यातून किंवा पाण्याच्या अगदी लगत पुढे जातात आणि पाय तर पूर्णपणे पाण्याखालूनच दुमडून वर येतात. त्यामुळे प्रत्येक स्ट्रोकमध्ये, म्हणजे हातापायांच्या एका पूर्ण फेरीत, एक क्षण असा येतो की शरीर जवळजवळ थांबतं. टाचा कुल्ल्यांकडे येत असतात, मांड्या पाण्याला आडव्या होतात, तोच हा क्षण. उंची वाढली, मांड्या लांब झाल्या, कंबर रुंद झाली, की जुन्याच पद्धतीनं गुडघे पोटाखाली ओढल्यावर हा ब्रेक जास्त जोरात लागतो. शरीरात ताकद वाढलेली असते, पण ती दर स्ट्रोकला लागणाऱ्या ब्रेकमध्ये खर्च होते. तुझी ५ सेंटीमीटर उंची आणि ७ किलो वजन वाढूनही टायमिंग तिथंच आहे याचा अर्थ इंजिन मोठं झालंय आणि स्ट्रोक अजून तेराव्या वर्षाचाच आहे, अशी दाट शक्यता आहे. ती तपासून बघता येते. निर्णय घेण्याआधी तेवढं तू करच.

१:१२.९ हा एकच आकडा धरून बसू नकोस, त्याचे तुकडे कर. कुणाला तरी मोबाइलवर तुझी पूर्ण रेस बाजूनं, पूलच्या मध्यापासून थोड्या उंचीवरून शूट करायला सांग. ५० मीटरच्या पूलमध्ये लेनच्या दोरीवर दोन्ही टोकांपासून ५ मीटरवर रंग बदलतो आणि १५ मीटरवर वेगळ्या रंगाची खूण असते. तुझं डोकं त्या खुणेपाशी आलं की व्हिडिओतली वेळ लिहून ठेव. सुरुवात ते १५ मीटर, मग १५ ते ४५, मग टर्नचा (भिंतीपाशी वळण्याचा) भाग म्हणजे ४५ ते ६५, मग ६५ ते ९५, आणि शेवटचे ५ मीटर. त्याबरोबर दोन्ही ५० मीटरमधले स्ट्रोक मोज. तीन वर्षांपूर्वीचा एखादा व्हिडिओ घरात कुणाच्या फोनमध्ये असेल तर त्याचेही असेच तुकडे कर. मग खरी तुलना होईल.

तुझ्या दोन ५० मध्ये ५.७ सेकंदांचा फरक आहे. पहिल्या ५० ला डाइव्हचा फायदा असतो, त्यामुळे सुमारे दोन सेकंदांचा फरक कुणाच्याही रेसमध्ये पडतो. नीट आखून पोहलेल्या १०० मीटरमध्ये हा फरक साधारण साडेतीन ते साडेचार सेकंद राहतो. म्हणजे तुझा एक सेकंद, कदाचित त्याहून जास्त, दुसऱ्या ५० मध्ये कुठेतरी सांडतोय. बहुतेकदा तो असा सांडतो: दमल्यावर हात घाईनं फिरायला लागतात, किक पूर्ण बंद होण्याआधीच पुढचा पुल (हातांनी पाणी मागे ओढणं) सुरू होतो आणि स्ट्रोक आखूड होतो. हिशेब करून बघ. मिनिटाला ५० स्ट्रोक आणि प्रत्येक स्ट्रोकला १.६० मीटर म्हणजे मिनिटाला ८० मीटर. मिनिटाला ५४ स्ट्रोक आणि प्रत्येकाला १.४८ मीटर म्हणजेही ८० मीटरच. चार स्ट्रोक जास्त मारलेस, दम जास्त लागला आणि वेग तेवढाच राहिला. वरून बघणाऱ्याला मात्र दुसऱ्या वेळी तू जास्त झुंजतेयस असं वाटतं. म्हणूनच ‘अजून जोर लाव’ हा सल्ला ब्रेस्टस्ट्रोकमध्ये अनेकदा उलटा पडतो.

व्हिडिओत डाइव्ह आणि टर्ननंतरचा पुलआउट, म्हणजे वर येण्याआधीचा पाण्याखालचा भाग, मुद्दाम थांबवून थांबवून बघ. पाण्याखाली १५ मीटरची मर्यादा बाकीच्या तीन स्ट्रोकना आहे, ब्रेस्टस्ट्रोकला नाही. इथे मर्यादा कृतीवर आहे: एक पूर्ण पुल, पहिल्या ब्रेस्टस्ट्रोक किकच्या आधी एक डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून वरखाली मारलेली), आणि दुसऱ्या पुलमध्ये हात सर्वांत रुंद होऊन आत वळण्याआधी डोकं पाण्याबाहेर. तयारीच्या जलतरणपटू डाइव्हनंतर साधारण ११ ते १३ मीटरवर आणि टर्ननंतर ८ ते १० मीटरवर वर येतात. इथे तीन चुका वारंवार दिसतात. एक, पहिला ग्लाइड (हात-पाय ताणून नुसतं घसरत जाणं) इतका लांबवणं की वेग पोहण्याच्या वेगाखाली जातो आणि मग डॉल्फिन किक फक्त गेलेला वेग परत आणण्यात वाया जाते. दोन, पुल करताना समोर बघणं: हनुवटी उचलली की छातीवर पाणी आदळतं. तीन, हात मांड्यांपासून पुढे आणताना कोपरं बाहेर काढणं. हात पोटाला आणि छातीला घासतील इतके जवळून, तळवे शरीराकडे ठेवून पुढे न्यायचे, आणि हात डोक्याच्या पुढे जात असतानाच टाचा वर आणायच्या. याला जास्त दम लागत नाही, गुडघ्यावरही फारसा भार येत नाही, आणि वाढलेल्या उंचीचा फायदा सर्वांत आधी इथेच मिळायला हवा. रोज वॉर्म-अपनंतर, थकवा यायच्या आत, भिंतीवरून ८ पुलआउट कर. कुणीतरी १० मीटरपर्यंतची वेळ घ्यावी.

गुडघ्याचं तू पत्रात एका ओळीत उरकलंस. मला ती ओळ सर्वांत महत्त्वाची वाटली. ब्रेस्टस्ट्रोकच्या किकमध्ये पाय बाहेर वळलेला असताना नडगी बाहेरून गोल फिरत झटक्यात सरळ होते आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध ताणला जातो. हजारो किकनंतर तिथे सूज येते. मांडीच्या आतल्या स्नायूंचंही तसंच होतं. गुडघे फार फाकवले तरी भार वाढतो आणि अगदी चिकटवून ठेवले तरी वाढतो. गुडघे कुल्ल्यांच्या रुंदीएवढे किंवा किंचित जास्त, पावलं गुडघ्यांच्या बाहेर, आणि फिरवणं खुब्यातून यायला हवं. खुबा पुरेसा फिरत नसेल तर उरलेलं वळण गुडघा सोसतो. आधी खेळाडूंवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखव. सूज दिसत असेल, गुडघा अडकत असेल किंवा रात्री झोपेत दुखत असेल तर त्याच आठवड्यात दाखव. तोपर्यंत किकबोर्ड घेऊन ब्रेस्टस्ट्रोक किकचे लांब सेट बंद. हातांचा पुल डॉल्फिन किकबरोबर कर, पुलआउट कर, फ्रीस्टाइल पोह. परवानगी मिळाल्यावर सेशनला २०० मीटर किकपासून सुरू कर आणि दुखत नसेल तरच दर आठवड्याला थोडंथोडं वाढव. किकच्या आधी किमान ८०० मीटर फ्रीस्टाइल किंवा बॅकस्ट्रोक झालेलं असावं. थंड गुडघ्यानं जोराची किक कधीच मारायची नाही. जमिनीवर आठवड्यातून तीनदा गुडघ्यांमध्ये मऊ चेंडू धरून दाबणं (१० सेकंद दाबून ८ वेळा), खुबा आत-बाहेर फिरवण्याचे व्यायाम, आणि एका पायावर सावकाश अर्धं बसून उठणं, हे बहुतेकांना चालतं. तरी तुझ्या गुडघ्याला काय चालेल हे तपासणाऱ्यानंच ठरवावं.

वजनाबद्दल मी अगदी स्पष्ट लिहिते. १३ ते १६ या वयात मुलीचं वजन ७ किलोनं वाढणं ही वाढ आहे. त्यात हाडं आहेत, स्नायू आहेत, आणि शरीराला लागणारी चरबीही आहे. चार किलो कमी केल्यावर टायमिंग सुधारेल याला कुठलाही हिशेब नाही. खाणं कमी करून आणि पोहणं वाढवून काय होतं ते मात्र माहीत आहे: पाळी लांबते किंवा थांबते, हाडं कच्ची राहतात, सर्दी-ताप वारंवार येतो, दुखापत भरून येत नाही आणि टायमिंग आणखी बिघडतं. तुझी पाळी तीन महिने आली नसेल तर पूलचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. रक्त तपासताना हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासायला सांग. शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला असताना हिमोग्लोबिन ठीक दिसू शकतं, आणि तेव्हाही दुसऱ्या ५० मध्ये पाय जड होतात. सकाळच्या सेशनआधी काहीतरी खा, संपल्यावर तासाभरात पोटभर खा. आणि वजन उतरवणारी किंवा ताकद देणारी कुठलीही पावडर, गोळी कुणी कितीही भरवशानं दिली तरी घेऊ नकोस. अशा डब्यांत कधीकधी बंदी असलेली द्रव्यं निघतात, आणि चाचणीत सापडलं तर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते.

मग नऊ सेशनचं काय? सध्या नको. वेग स्ट्रोक तुटल्यामुळे जातोय आणि गुडघा दुखतोय, अशा वेळी दोन सेशन वाढवणं म्हणजे चुकीचा स्ट्रोक आणखी पक्का करणं. सात सेशनच ठेव, पण आतला मजकूर बदल; यातले ब्रेस्टस्ट्रोकचे सेट मात्र गुडघ्याला परवानगी मिळाल्यावरच. दोन सेशन रेसच्या वेगाचे असावेत. १:११ चं लक्ष्य धरलं तर भिंतीवरून पुलआउटसह १६ वेळा २५ मीटर, प्रत्येक १८.० ते १८.५ सेकंदांत, मध्ये ४० सेकंद विश्रांती. सलग दोनदा वेळ चुकली किंवा नेहमीपेक्षा दोन स्ट्रोक जास्त लागले की सेट तिथेच थांबवायचा, उरलेले मारून काही मिळत नाही. आणखी दोन सेशन स्ट्रोक लांब करण्याचे: दोन किक एक पुल, मग ६ वेळा ५० मीटर, त्यात वेळ अधिक स्ट्रोक अशी बेरीज काढायची. ४४ सेकंद आणि १८ स्ट्रोक म्हणजे ६२. ही बेरीज आठवड्यागणिक खाली आणायची. आधी स्ट्रोक कमी करून, मग तेवढ्याच स्ट्रोकमध्ये वेळ कमी करून. उरलेली तीन सेशन मुख्यतः फ्रीस्टाइल आणि मेडली (चारही स्ट्रोक एकापाठोपाठ), दम टिकवण्यासाठी. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी, त्या दिवशी पूलकडे फिरकायचंही नाही.

हे कोचना सांगायचं कसं, हा तुझा खरा पेच असणार. ‘मला नऊ सेशन नकोत’ असं म्हणू नकोस. तुकड्यांचा कागद घेऊन जा आणि म्हण, ‘सर, माझ्या दुसऱ्या ५० मध्ये एवढे स्ट्रोक जास्त पडतायत, आणि डॉक्टरांनी किक इतकीच सांगितली आहे. पुढचे बारा आठवडे यावर काम करू या का?’ चांगला कोच आकड्यांशी बोलतो. कागद बघून तो त्याच्या मनातलं काहीतरी सुचवेल, ते तुझ्या योजनेपेक्षा चांगलंही असू शकतं. दुखणारा गुडघा आणि डॉक्टरांची चिठ्ठी समोर असूनही जो ‘सहन कर’ म्हणतो आणि वजनाचा काटा पुढे करतो, त्याच्याकडे पुढची वर्षं घालवायची का, हा प्रश्न मग आई-बाबांसमोर ठेवायला हवा. कोच बदलणं ही गद्दारी नाही. फक्त सीझनच्या मध्यात बदलू नकोस, संपल्यावर बदल.

‘जीव तोडून शेवटचा सीझन’ आणि ‘आत्ताच थांबणं’ या दोन्हींत तू सगळा भार एका रेसवर टाकते आहेस. मधले रस्ते आहेत. २०० मीटर एकदा मनापासून पोहून बघ: लांब स्ट्रोक असलेल्या उंच मुलींना ते अनेकदा जास्त जमतं, आणि तुझा पहिल्या १०० चा संयम तिथे चांगला कळेल. उलट तुझे पहिले १५ मीटर आणि १५ ते ४५ हे तुकडे मैत्रिणीपेक्षा चांगले निघाले तर ५० मीटरचा विचार कर. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोक ऑलिंपिकमध्ये येतो आहे, त्यामुळे यापुढे त्याला दुय्यम समजलं जाणार नाही. पण दम लागत नाही म्हणून ५० निवडू नकोस. तिथे एक फसलेला पुलआउट भरून काढायला जागाच नसते. वैयक्तिक मेडलीही बघ. ज्यांची ब्रेस्टस्ट्रोकची लॅप भक्कम असते त्यांना तिथे मोठा फायदा मिळतो, आणि गुडघ्यावरचा भार चार स्ट्रोकमध्ये वाटला जातो.

तरीही थांबावंसं वाटत असेल तर? त्याची परीक्षा टायमिंगवर घेऊ नकोस. तीन-चार आठवडे रोज रात्री एका ओळीत लिही: उद्या पूलवर जावंसं वाटतंय का, हो की नाही. दुखणं आणि झोप नीट असतानाही बहुतेक दिवस ‘नाही’ आलं तर थांबणं हा प्रामाणिक निर्णय आहे, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. दुखणं असलेल्या दिवशीच ‘नाही’ येत असेल तर आधी गुडघा बरा कर, मग ठरव. बारा ते सोळा आठवड्यांनंतर दोन स्पर्धा पोह, एकच नको. एका दिवसाचं सर्दी-पडसंही एक सेकंद खातं. प्रत्येकीच्या आधी दहा ते चौदा दिवस मीटर कमी करत आण, वेग मात्र तसाच ठेव. आणि स्पर्धेआधीच कागदावर लिहून ठेव की काय झालं तर पुढे जायचं: दोन ५० मधला फरक साडेचारच्या आत, टर्नचा तुकडा आधीपेक्षा जलद, गुडघा शांत. हे तीन जमले आणि तरी १:१२ च लागले, तर पुढचा सीझन करण्यासारखा आहे. टायमिंग थोडं उशिरा येतं.

घरच्यांबद्दल. त्यांनी जे सोसलं ते तुझ्या पोहण्यासाठी होतं, त्याची परतफेड पदकांत करायची असं त्यांनी म्हटल्याचं तुझ्या पत्रात कुठेही नाही. तो हिशेब तू मनाशी मांडलेला आहेस. बाबांना रेसचे तुकडे काढायला बसव. त्यांच्या हातात स्टॉपवॉच दे, ६५ ते ९५ कसं मोजायचं ते दाखव. ‘तुझं काय होणार’ या प्रश्नापेक्षा ‘हा तुकडा ०.३ नं का वाढला’ यावर बोलणं दोघांनाही सोपं जाईल. आणि गुडघ्याबद्दल त्यांना आज संध्याकाळीच सांग. पत्रावरून वाटतं की तू ते अजून घरी सांगितलेलं नाहीस. डॉक्टरांनी गुडघा बघून परवानगी दिली की मगच व्हिडिओ काढायला घे, कारण दुखऱ्या गुडघ्यानं पोहलेल्या रेसचे तुकडे मोजून तुला स्ट्रोकबद्दल काहीच खरं कळणार नाही.